लोटाभर पाणी कमी

१

डॉक्टर सत्यवतीबाईंची मोटार माझ्याकडे आली ती बैल जुंपून. साल १९६३, मे महिना. पुढच्या बंपरला दोर बांधलेला, स्टिअरिंगवर त्यांच्या घरचा गडी, आणि मागून दोघंजण रेटत होते. अकोल्यात दर्यापूर रोडला माझं टिनाचं शेड होतं. शेडच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि बायको मनकर्णा राहत होतो.

मोटार विलायती, काळी, धुळीनं करडी झालेली. बाईंच्या वडिलांची, केशवरावांची. अकरा वर्षं त्यांच्या घरामागच्या कोठ्यात उभी होती. सत्यवतीबाई नागपूरहून डॉक्टरी शिकून नुकत्याच आल्या होत्या आणि दर्यापूरला दवाखाना सुरू करणार होत्या.

"गोवर्धनभाऊ, एक जूनला मला गाडी पाहिजे," त्या म्हणाल्या. "बाळंतपणात अडलेल्या बाईला बैलगाडीतून अकोल्याला आणेपर्यंत ती राहत नाही. दोनदा पाहिलं मी. तिसऱ्यांदा पाहायचं नाही."

"दहा दिवसात देतो," मी सांगितलं.

इंजिन चौथ्या दिवशी बोललं. मग मी पाण्याच्या कामाला हात घातला. रेडिएटर साफ करणं हे काही अकलेचं काम नाही, चिकाटीचं आहे. गाडीची तहान-भूक सगळी त्यावर. या गाडीचं झाकण उघडलं तर आत थेंब नव्हता. सगळीकडे पांढरा खार धरलेला, माणसाच्या वाळलेल्या ओठांवर धरतो तसा. मला नवल वाटलं नाही. दर्यापूरकडचा सगळा खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचं पाणी गुरंसुद्धा नाक मुरडून पितात. ते वर्षभर गाडीत घातलं की नळ्या बुजल्याच म्हणून समजा.

धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून आत ओतला, इंजिन चालवलं, खालची तोटी सोडली. चहासारखं तांबडं पाणी आलं. मग होज पाइप काढून खालच्या अंगानं उलटं पाणी मारलं. खपल्या निघाल्या, गंज निघाला, काळ्या मातीचा गाळ निघाला. सात वेळा केलं. आठव्या वेळेला पाणी असं निघालं की मी ते ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं.

होज नवे घातले, पंपाचा वायसर बदलला, तोंडाच्या दोन बोटं खालपर्यंत पाणी भरलं, झाकण लावलं आणि जेवायला गेलो.

जेवून आलो. झाकण उघडलं. पाणी खाली गेलं होतं.

२

नव्यानं भरलेल्या गाडीत पाणी थोडं खाली जातंच. आत कुठंतरी हवा अडकलेली असते, ती निघाली की पातळी उतरते. मी लोट्यानं पाणी घातलं. बरोबर एक लोटा बसला. इंजिन चालवून पाहिलं, गरमीचा काटा जिथे असावा तिथे. संध्याकाळी पातळी जागेवर होती. सकाळीही जागेवर होती.

दुपारी जेवून आलो तर पुन्हा एक लोटा कमी.

खाली जमीन कोरडी. मी पोटावर झोपून तोटी पाहिली, होजचे सांधे पाहिले, पंपाखाली बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. गळक्या गाडीखाली धूळ राहत नाही, चिखल होतो.

तिसऱ्या दिवशी पूर्ण रेडिएटर खाली उतरवला. तोंडं बुजवली, हौदात बुडवला आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. एक बुडबुडा आला नाही. तरी दोन जागी संशय म्हणून कथलाचा डाग दिला. बसवला, भरला. दुपारी एक लोटा कमी.

मला आता गाडीचा राग येऊ लागला होता. हा राग मेकॅनिकलाच कळेल. मोठं दुखणं असलं तर माणूस खोलतो, दाखवतो, बदलतो. हे दुखणं दिसतच नव्हतं. दुसरी दोन कामं अडून पडली होती. एका ट्रकवाल्याला मी वाटेल तसं बोललो आणि तो गाडी घेऊन दुसरीकडे गेला.

"काय झालं?" मनकर्णानं विचारलं.

"काही नाही झालं."

"मंग भाकरीवर काहून राग काढून राह्यले?"

मी सांगितलं. ती हसली. "गाडी पानी पेऊन राह्यली असन. उन्हाचं कोनाले तहान नाही लागत?"

मी ताटावरून उठलो.

त्या दिवशी मी गाडीजवळच बसून राहायचं ठरवलं. बारा वाजले. अकोल्याची मे महिन्यातली दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. टिन तापून कडकड वाजत होतं. झाकण घट्ट लावलेलं, इंजिन कालपासून थंड. मी गाडीसमोर बाजेवर बसलो होतो. माझा डोळा लागला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

साडेबाराच्या सुमारास रेडिएटरमधून आवाज आला. घट्. थोडं थांबून, घट्. घट्. घट्.

हवा निघते तेव्हा असा आवाज होतो. मी हजार वेळा ऐकलेला आहे. पण हवा निघताना आवाज वर येतो, बुडबुड असा. हा खाली जात होता. आणि मध्ये मध्ये थांबत होता. दम घ्यायला थांबावं तसा.

आवाज संपल्यावर मी झाकण उघडलं. लोटा आणायची मला गरज नव्हती. किती बसणार ते ठाऊक होतं.

३

किसनराव माझा जुना सोबती, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता. त्याच्या हाताखाली मी काम शिकलो. रविवारी त्याला बोलावून आणलं.

"हेड गॅस्केट गेली असन," तो पाहताच म्हणाला. "पानी सिलिंडरात जाते."

"इंजिन चालू न करता?"

"थेंब थेंब जाते लेका. खोल."

आम्ही हेड खोललं. गॅस्केट शाबूत. चारी सिलिंडर कोरडे, ऑइलमध्ये पाण्याचा अंश नाही. किसनरावानं ब्लॉकवर हातोडीनं टकटक करून चीर आहे का ते ऐकलं. चीर नव्हती. संध्याकाळपर्यंत परत सगळं बसवलं. हात पुसत किसनराव गाडीकडे बघत उभा राहिला.

"किती जाते म्हनतं रोज?"

"एक लोटा. कमी नाही, जास्त नाही."

"गळती अशी मोजून नसते गोवर्धन," तो म्हणाला. चहा न घेताच निघाला.

सोमवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, पाणीच नको. तोटी सोडली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रेडिएटर रिकामा केला. आता काय कमी होतं ते बघू. जेवलो, आणि त्या दिवशी मी मुद्दाम घरात झोपलो.

मनकर्णाच्या हाकेनं जागा झालो.

"माठातलं पानी तुमी सांडलं काय?"

माठ सकाळीच काठोकाठ भरला होता. आता तळाशी हात घातला तर बोटं ओली होत नव्हती. माठाखालची वाळूसुद्धा कोरडी खडखडीत. मोरीतली बादली कोरडी. अंगणात चिमण्यांसाठी मनकर्णा मातीचं परळ भरून ठेवायची, तेही कोरडं.

ऊन होतं. माठ पाझरतो. मी हे मनकर्णाला समजावून सांगितलं. सांगताना माझी जीभ टाळ्याला चिकटत होती. शेजाऱ्याकडून पाणी आणलं, मी तीन लोटे प्यालो. घसा तसाच.

"तुमचे ओठ पाहा," मनकर्णा म्हणाली. ती हसत नव्हती.

मी आरशात पाहिलं. ओठांवर पांढरा खार धरला होता.

मी शेडमध्ये गेलो आणि रेडिएटर भरला. घाईघाईत अर्धं पाणी बंपरवर सांडलं. भरून झाल्यावर मला तहान राहिली नाही.

४

दुसऱ्या दिवशी सत्यवतीबाई आल्या. एक जूनला चार दिवस राहिले होते.

"गाडी घेऊन जा," मी म्हणालो. "मला जमत नाही."

"काय जमत नाही?"

मी पाण्याचं सांगितलं. माठाचं सांगितलं नाही. सुशिक्षित बाई, मला वेड्यात काढतील असं वाटलं. पण बाईंनी फक्त विचारलं, "दुपारीच कमी होतं?"

"साडेबाराला."

त्या गाडीजवळ गेल्या. मागचं दार उघडून सीटवर हात ठेवला.

"मी इथे झोपले होते," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांची होते. विषमज्वर होता. बाबा मला गावाहून अकोल्याला आणत होते. ड्रायव्हर श्रावण होता. दर्यापूर सोडल्यावर एक रेतीचा नाला लागतो, तिथे गाडी फसली आणि पाणी उकळून गेलं. गाडीतलं सगळं पाणी माझ्या कपाळावरच्या पट्ट्यांना लागलं होतं. श्रावणची स्वतःची छागळ पुढे बंपरला टांगलेली होती. ती कापडाची पिशवी असते ना, पाणी गार राहतं. त्यातलं होतं नव्हतं तेवढं त्यानं रेडिएटरमध्ये ओतलं. मग बाबा स्टिअरिंगवर बसले आणि तो मागून रेटायला लागला."

"मग?"

"गाडी निघाली. चढ चढली. मी मागच्या काचेतून पाहिलं, श्रावण धावत होता, हात करत होता. बाबा म्हणाले, आता थांबलो तर इंजिन बंद पडेल. तो येईल मागून."

"आला?"

"बरी झाल्यावर मी विचारलं. बाबा म्हणाले, नोकरी सोडून गेला." बाईंनी दार लावलं. "त्यानंतर ही गाडी कोठ्याबाहेर निघाली नाही. मला वाटायचं, माझ्या आजारपणाची आठवण नको म्हणून."

संध्याकाळी केशवराव स्वतः आले. बाईंनी घरी काही विचारलं असावं. सत्तरीचे, उंच, डोक्यावर काळी टोपी. माझ्या बाजेवर बसले. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"किती जाते पानी?" त्यांनी विचारलं.

"एक लोटा, मालक."

त्यांनी गाडीच्या बंपरकडे पाहिलं.

"छागळीत तेवढंच उरलं होतं," ते म्हणाले.

"श्रावण कुठं गेला, मालक?"

"गाव दोन कोसावर होतं. मले वाटलं जाईन चालत. पोरीच्या तापात ध्यानच नाही राह्यलं. तिसऱ्या दिवशी मानूस धाडला." मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "उद्या त्या रस्त्यानं घेऊन चाल मले. बाराले निघू."

५

मागच्या सीटवर बापलेक बसले. बाईंनी पाण्याच्या दोन कळशा घेतल्या, तोंडाला फडकं बांधून. इंजिन झकास चाललं होतं. काटा जागचा हलत नव्हता. मला वाटलं, सगळे आपल्याच मनाचे खेळ आहेत. आता पंधरा मैल गेलो की परत फिरू आणि गाडी बाईंच्या ताब्यात देऊ.

म्हैसांगच्या पुढे झाडं संपली. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, भेगाळलेली. रस्त्यावर पुढे मृगजळ चमकत होतं आणि जवळ गेलं की मागे सरत होतं. रेतीचा नाला आला. मी जोर देऊन गाडी काढली, चढ चढलो.

चढ संपला आणि काटा उठला. असा काटा मी कधी पाहिला नाही. सावकाश वर जातो तो. हा कुणी बोटानं ढकलल्यासारखा लालवर गेला. झाकणाखालून वाफ निघाली.

"थांबलो तर बंद पडन," मी म्हणालो. म्हटल्यावर मलाच कळलं मी काय म्हणालो.

"थांबव," केशवराव म्हणाले.

गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. त्या रानात दुसरा कोणताही आवाज नव्हता.

केशवरावांनी एक कळशी उचलली आणि ते मागे चालू लागले, नाल्याकडे. बाई उतरायला लागल्या तर म्हणाले, "तू बस." दोनशे पावलांवर, नाल्याच्या काठाशी ते थांबले. उन्हाच्या झळांत त्यांची आकृती कापत होती. मग त्यांनी कळशी तिरपी केली. ओंजळीनं पिणाऱ्याला वरून पाणी घालतात, तशी. बारीक धार, सावकाश. मला धार दिसत होती. ती कमरेएवढ्या उंचीवर संपत होती.

अंतर फार होतं. डोळ्यांत घाम गेला होता.

ते रिकामी कळशी घेऊन परत आले. चेहरा भाजल्यासारखा झाला होता.

"अजून मागते थो," ते म्हणाले.

दुसरी कळशी घेऊन गेले. ती लवकर संपली. या वेळी परत यायला त्यांना बराच वेळ लागला. गाडीला हात टेकून उभे राहिले. ओठ पांढरे झाले होते.

"अजून."

"बाबा, तुम्ही बसा. तुम्हाला ऊन लागलंय," सत्यवतीबाई म्हणाल्या. त्यांनी नाडी बघायला हात धरला, तो केशवरावांनी सोडवून घेतला. मग त्यांनी मला रेडिएटरकडे बोट केलं. मी नको म्हणून मान हलवली. गाडीतलं पाणी काढलं तर आम्ही तिघं तिथेच. सावली नाही, आणि प्यायचं पाणी दोन कोसात नाही.

"काढा भाऊ," बाईच म्हणाल्या.

मी तेलाचा मोकळा डबा खाली लावून तोटी सोडली. पाणी उकळतं असायला हवं होतं. ते गार आलं. विहिरीच्या पाण्यासारखं गार. केशवरावांनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि ते निघाले.

नाल्याशी पोचल्यावर झळांत ते मला नीट दिसेनात. पुन्हा दिसले तेव्हा ते आमच्याकडे धावत येत होते, एक हात वर करून हलवत.

"बाबा!" बाई ओरडल्या आणि धावल्या. मीही निघालो. मी धावत होतो, समोरून ते धावत होते, पण आमच्यातलं अंतर कमी होत नव्हतं. पाय आपटत होते, हात हलत होता, माणूस तिथल्या तिथेच. मृगजळात असं होतं, हे मी स्वतःला सांगत होतो. मग बाई मध्येच रस्त्यावर थांबल्या, खाली बसल्या आणि कुणाचं तरी डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. तिथे केशवराव पडलेले होते. काळी टोपी डोक्यावर, डबा छातीशी.

आणि बाईंच्या पलीकडे तो माणूस अजून धावतच होता. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

मी डोळे मिटले. किती वेळ, सांगता येत नाही. उघडले तेव्हा रस्ता मोकळा होता.

६

दर्यापूरची एस.टी. आली तिच्यातून आम्ही त्यांना अकोल्याच्या इस्पितळात आणलं. उष्माघात, असं बाईच म्हणाल्या. त्या रात्रंदिवस उशाशी होत्या. केशवराव पाणी मागत राहिले. दिलेलं पाणी घशाखाली उतरायचं, आणि ते पुन्हा मागायचे. तिसऱ्या दिवशी मागायचे थांबले, ते कायमचे.

बैल नेऊन मी गाडी ओढून आणली. रेडिएटर भरला. दुपारी झाकण उघडलं. पाणी जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर बघितलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी काय दुरुस्त केलं? एकही गळती सापडली नव्हती, एकही भाग असा नव्हता की जो हातात घेऊन म्हणावं, हा बघा, हा गेला होता. मनकर्णा म्हणायची, आता सोडा ना तो विषय. मी सोडला नाही, तोच मला सोडत नव्हता.

बाईंनी गाडी नेली. विकतील असं मला वाटलं होतं. त्या स्वतः चालवायला शिकल्या, आणि त्या गाडीतून अडलेल्या बाया अकोल्याला आणू लागल्या. वर्षातून दोनदा गाडी माझ्याकडे येते. मी ऑइल बदलतो, ब्रेक बघतो. पाण्याबद्दल त्या विचारत नाहीत आणि मी सांगत नाही.

परवा किसनराव आला होता. दुपारच्या बसनं दर्यापूरहून येत होता, खिडकीशी बसून.

"तुही ती डागदरीनबाई," तो म्हणाला, "नाल्याजवळ गाडी उभी करून बसली होती बाप्पा, भर उन्हात. म्या म्हटलं, गाडी बंद पडली काय. पन इंजिन सुरू होतं."

"एकटीच होती?"

"दिसलं तर कोनी नाही. पन समोर नाल्याच्या काठावर पान्याचे पेले भरून ठेवले होते."

"किती?"

"दोन," तो म्हणाला.